डोक्याला डोकं

सोमवार, ३

बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, काका दिवसभरात काय काय बोलतात ते एका वहीत लिहून ठेवा." म्हणून ही वही. लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत संपलं. 'हो' आणि 'नाही'. दोन महिन्यांपूर्वी ह्यांच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली, उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणं सगळंच गेलं. त्यातून हे दोन शब्द तेवढे परत आलेत. आधी तरी कुठे फार बोलायचे म्हणा.

सकाळी विचारलं, "चहा ठेवू?" "नाही." मी आपला एकटीपुरता केला. तर डाव्या हातानं माझाच कप ओढला आणि घटाघटा पिऊन टाकला! पहिल्यापासूनच तिरकं खातं, त्यात आता आजारपण. कोण बोलणार?

दुपारी ढेपवाले आले. त्यांचा गुरांच्या खाद्याचा कारखाना. भरडलेला माल पट्ट्यावरून पुढे सरकतो आणि पट्ट्याच्या वर एक मोठं विजेचं चुंबक टांगलेलं असतं. मालातून आलेला खिळा, तारेचा तुकडा, तुटलेला बोल्ट ते वरच्या वर ओढून घेतं. ते चुंबक ह्यांनीच केलेलं. गेल्या आठवड्यात ते जळलं. कोणाच्या लक्षात यायच्या आत दोन दिवस माल तसाच पुढे गेला आणि कोणाची तरी गाय पोटात तार जाऊन मेली.

"वहिनी, मी लाइन बंद ठेवलीय," म्हणाले. "वीस तारखेपर्यंत थांबतो. दादांनी केलेलं चुंबक अकरा वर्षं चाललं, म्हणून आधी इथे आलो. नाहीतर मग बाहेरून आणावं लागेल."

बाहेरून आणलं की झालंच. हे शेवटचं गिऱ्हाईक. भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, दोन महिने मागे लागलेत की कारखान्याला टाळं लावा, मशीन देऊन टाका आणि दोघं आमच्याकडे राहायला या. कारखाना म्हणजे काय, घराला चिकटलेली एक खोली. पण ह्यांची एकतीस वर्षं त्या खोलीत गेली. ती गेली तर ह्या माणसानं खिडकीतून काय बघायचं?

मी तिथल्या तिथे म्हणून बसले, "करते मी." ढेपवाले माझ्याकडे बघतच राहिले. मीसुद्धा.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "मी कारखान्यात हात घातलेला चालेल ना?" "नाही," म्हणाले. ठणकावून. नाही तर नाही. मी किल्ली घेतली.

बुधवार, ५

मला काय येतं? एकतीस वर्षं कॉइलच्या, म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या, थरांमध्ये घालायच्या कागदाच्या पट्ट्या मी कापून दिल्या. मोजून, एका मापाच्या. आतून आवाज यायचा, "कागद!" की मी न्यायची. तो कागद तिथे कशाला लागतो हे ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं.

लेकीचं शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक माळ्यावरून काढलं. त्यात म्हटलंय, तारेतून वीज गेली की तारेभोवती चुंबकपणा तयार होतो. एका तारेचा अगदी क्षीण. पण तीच तार वेढ्यावर वेढे देऊन गुंडाळली की सगळ्या वेढ्यांचा मिळून जोर वाढतो. मधे लोखंड घातलं की कित्येक पट. वीज बंद की चुंबकपणा गेला. वाचताना सगळं समजलं. पुस्तक मिटल्यावर एकही गोष्ट समजेना. तांबं चुंबकाला चिकटत नाही, मग तांब्याच्या तारेला चुंबकपणा येतो कुठून? पुस्तक म्हणतं, येतो. बरं बाई, येतो.

करून बघितलं. खिळा मिळेना म्हणून पेचकसावर तार गुंडाळली, दोन टोकं सेलला लावली. काहीच नाही. मग आठवलं, ह्या तारेवर लाखेसारखा रंग असतो, हे टोकं नेहमी ब्लेडनं खरवडायचे. खरवडली आणि टाचण्या टपाटपा चिकटल्या! मी एकटीच मोठ्यानं हसले. सेल काढला तर टाचण्या पडायला हव्यात. पडेनात. पेचकस तसाच चुंबक होऊन बसला, आता शिवणाच्या डब्यातल्या सुया त्याच्या मागे लागतात. पुस्तक उलटंपालटं केल्यावर कळलं, की पोलाद एकदा चुंबक झालं की हट्ट सोडत नाही, मऊ लोखंड सोडतं. ढेपवाल्यांच्या चुंबकाला मऊ लोखंड हवं, नाहीतर वीज बंद केल्यावर खिळे खाली पडायचेच नाहीत. घरात पोलादाचा नमुना आहेच एक, मला समजायला वेळ लागायला नको होता.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "काकांना समजतं सगळं. आत बरोबरच असतं, बाहेर पडताना जोड चुकते. सध्या त्यांच्या हो-नाहीवर फार विसंबू नका, हाताकडे बघत जा." मी म्हटलं, अहो, ह्यांच्या शब्दावर विसंबायचं मी लग्नानंतर सहा महिन्यांतच सोडलं. त्या हसल्या. शिकलेल्या आहेत, पण जरा गोल गोल बोलतात.

शनिवार, ८

ह्यांची जुनी वही सापडली. ढेपवाल्यांच्या पानावर तारेचा नंबर, "एका पायाला दोन हजार दोनशे वेढे" आणि खाली एक चित्र. चुंबकाला दोन पाय. मनगटापेक्षा जाड असे लोखंडाचे दोन ठोकळे, वरून एका पट्टीनं जोडलेले. प्रत्येक पायात एक कॉइल. बाकी काही नाही. जे सगळ्यात महत्त्वाचं ते लिहायचं नाही, ही ह्यांची पद्धत. "ते काय लिहायचं असतं?" असं म्हणायचे.

ढेपवाल्यांनी आणून टाकलेल्या चुंबकातल्या जळलेल्या कॉइली मी छिन्नीनं फोडून काढल्या. आत निव्वळ कोळसा. फोडून झाल्यावर लक्षात आलं की दोन कॉइली एकमेकींना कशा जोडल्या होत्या ते आधी बघायला हवं होतं. वरातीमागून घोडं.

रविवार, ९

पहिली कॉइल गुंडाळली. पूर्ण दिवस लागला. एका हातानं मशीनचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं तार सोडायची, काट्यावर आकडा बघायचा. एक थर झाला की कागद. कागद कशाला ते आज कळलं. खालच्या थरातली आणि वरच्या थरातली वीज एकमेकींना भेटू नये म्हणून. लाखेचा कोटही त्याचसाठी. विजेला एकेक वेढा करत लांबून जाण्याचा कंटाळा. जरा कुठे कोट उडाला की ती आडवी उडी मारून जवळच्या वाटेनं पळते.

मी लोकर गुंडाळते तशीच गुंडाळली, सैलसर. लोकर कधी ताणून गुंडाळू नये, तिचा जीव जातो, असं आई म्हणायची. तारेचं तसंच असणार. मधे मधे तार आडवीतिडवी गेली, पण वरून कापडी पट्टी लावल्यावर काही दिसत नाही.

ह्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं. कॉइल मांडीवर ठेवली. डाव्या अंगठ्यानं किती वेळ दाबून दाबून बघत होते. मी विचारलं, "बरी झालीय का?"

"हो."

हो म्हणाले! एकतीस वर्षांत ह्या माणसानं माझ्या भाजीला बरी म्हटलं नाही, आणि कॉइलला हो! वर कपाळाला आठ्या होत्या, पण त्या जन्मजातच आहेत. मला इतका आनंद झाला की पट्टीचं उरलेलं कापड उगाच चार वेळा घडी केलं. आजचं हे पान मी जपून ठेवणार आहे.

मग उत्साहात म्हणून गेले, "माझ्यावर राग तर नाही ना, तुमच्या मशीनला हात लावला म्हणून? आहे का राग?"

"हो."

आधी हो, मग पुन्हा हो. एक हो गोड आणि एक कडू. ह्याचं काय करायचं?

मंगळवार, ११

दुसरी कॉइल काल आणि आज. ही मात्र घट्ट झाली, कारण परवा हात इतका दुखला होता की ह्या वेळी तारेला टांगूनच घेतलं. वार्निशमध्ये बुडवून दोन्ही बल्बच्या उबेच्या पेटीत वाळायला ठेवल्या, टोकं बाहेर ठेवून.

आता जोड. प्रत्येक कॉइलमधून तारेची दोन टोकं बाहेर येतात. सुरुवातीचं टोक आत दबलेलं, त्याला हे 'डोकं' म्हणतात. शेवटचं वर असतं, ती 'शेपूट'. मी तशा चिठ्ठ्या बांधून ठेवल्यात. दोन कॉइली म्हणजे दोन डोकी, दोन शेपट्या. एका कॉइलमधली वीज दुसरीत जायला हवी, म्हणजे दोन टोकं एकमेकांना आणि उरलेली दोन वीज देणाऱ्या पेटीला. पण कुठली कुठल्याला?

कारखान्यात ह्यांच्यासमोर बसले. दोन डोकी हातात धरली. "डोक्याला डोकं जोडायचं का?"

"नाही."

"नीट बघा. डोकं-डोकं?"

"नाही! नाही!" चेहरा लाल झाला.

"बरं, ओरडू नका. मग डोक्याला शेपूट?"

"हो," म्हणाले आणि खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. मलाही तेच पटलं. एकामागे एक चालायचं तर पुढच्याच्या शेपटीला मागच्याचं डोकं लागणार. डोक्याला डोकं म्हणजे टक्कर.

मग भिंतीकडे बोट दाखवायला लागले, कॅलेंडरकडे. म्हटलं तारीख हवी असेल. "आज अकरा." तरी बोट तिकडेच. जवळ जाऊन महिन्याचं पान उलटून दाखवलं, तर हातातला रुमाल फेकून मारला. ह्यांना नक्की कुठला महिना हवाय?

बुधवार, १२

चुंबक उभं केलं, वीज दिली. घरातली येते तशी देऊन चालत नाही, ती सारखी दिशा बदलते आणि लोखंड नुसतं गुणगुणून तापतं. मधल्या पेटीतून ती एका दिशेची होऊन येते. इतकं मला माहीत आहे, कारण ती पेटी एकदा मी पुसायला उघडली होती तेव्हा जे काही ऐकून घेतलं ते विसरणं शक्य नाही.

बटण दाबलं. एका पायाला खिळा लावला, चिकटला. दुसऱ्या पायाला लावला, चिकटला. मी नाचायचीच बाकी होते. मग दोन्ही पायांवर लोखंडी पट्टी आडवी धरली. एका बोटानं निघाली. खिळे वीतभर खाली ठेवले. एकही उचलेना. ढेपवाल्यांच्या पट्ट्यावर तर दीड वीत अंतर आहे.

मीटर लावून बघितला, तार कुठे तुटलेली नाही. पहिल्या कॉइलचा अडथळ्याचा आकडा दुसरीपेक्षा बराच कमी येतो, वेढे सारखे असून. का? पण ती तर ह्यांनी पास केलेली, म्हणून तिला हात लावला नाही. दोन्ही पायांत चुंबकपणा आहे आणि दोन्ही मिळून काहीच नाही. एक अधिक एक शून्य होतं का कुठे? माझं डोकं फिरलंय.

हे दारात खुर्चीवर बसून बघत होते. "नीट जोडलंय ना मी? तुम्ही सांगितलं तसंच?" "हो, हो, हो." मी पक्कड खाली आपटली आणि म्हटलं, हो तर मग उचलत का नाही? करा तुम्हीच. आणि मग त्यांच्या पडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. जीभ कापून टाकावीशी वाटली.

शनिवार, १५

तीन दिवस काही लिहिलं नाही. दोनदा सोडून दोनदा जोडलं, दोन्ही वेळा ह्यांना विचारून, दोन्ही वेळा तेच. एकदा डोक्याला डोकं करायला घेतलं होतं, तर ह्यांनी "नाही, नाही" चा असा सपाटा लावला की घाबरून सोडून दिलं. आजारी माणसाचा रक्तदाब चढायला नको.

आज भाऊजी आले. माणूस वाईट नाही, येताना ह्यांच्यासाठी मऊ चप्पल घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, किती दिवस हा हट्ट? वीस तारखेला एक जण मशीन बघायला येणार आहे. घेऊन जाऊ दे. तुम्ही दोघं आमच्याकडे चला. दादाला माणसं दिसतील."

मी म्हटलं, "मला नका विचारू. कारखाना ह्यांचा आहे, ह्यांना विचारा."

भाऊजी खुर्चीसमोर खाली बसले. हात हातात घेतला. "दादा, कारखाना बंद करायचा ना?"

"हो."

"आमच्याकडे राहायला याल?"

"हो. हो." आणि रडायला लागले. भाऊजींनी डोळे पुसले, स्वतःचे आणि त्यांचे. म्हणाले, "बघा वहिनी, किती ओझं होतं मनावर. सुटल्यासारखं वाटलं त्याला."

मी चहा करायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला वाटलं होतं, हा माणूस मरेल पण त्या खोलीची किल्ली देणार नाही. म्हणजे एकतीस वर्षांत मला काहीच कळलं नाही. मी कोणासाठी करत होते हे?

"चहा घेणार?" "नाही." कप पुढे ठेवला. प्याले.

सोमवार, १७

आवराआवर. हत्यारं खोक्यात भरली. हे दारात बसून "हो, हो" करत होते, प्रत्येक पक्कड भरताना हो. म्हटलं, कळलं हो, भरतेय ना! मग खुर्ची पुढे ढकलून माझा पदर धरला. सोडेनात. चालायला मदत हवी असेल म्हणून उभं केलं, तर मशीनजवळ जाऊन दांड्याला डाव्या हाताचा विळखा घालून उभे राहिले. निरोप घेत असतील.

शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्याच खिळ्याला, कॅलेंडरच्या मागे, एक गोल पितळी डबी दोऱ्यानं लटकलेली. वर काच, आत लाल टोकाची सुई. होकायंत्र! कॅलेंडर तिथे लावलं कोणी? मीच, ह्यांच्या आजारपणात. तोपर्यंत ती डबी उघडीच असायची आणि मला वाटायचं शोभेची आहे. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मागे वळून बघितलं, तर ह्यांचा चेहरा. त्या रुमाल फेकल्याच्या दिवशी हे महिना विचारत नव्हते.

"हे हवं होतं?"

"नाही," म्हणाले आणि हात पुढे केला. डबी घट्ट मुठीत धरली.

नको म्हणायचं आणि घट्ट धरायचं. चहासारखं. मी तिथेच उभी राहिले. काहीतरी मनात आलं आणि निसटून गेलं.

मंगळवार, १८

सकाळी उठले ती सरळ कारखान्यात. चुंबक अजून तसंच उभं होतं, खोक्यात मावण्यासारखं नाही म्हणून. वीज दिली. डबी पहिल्या पायाजवळ नेली, सुईचं लाल टोक धावत पायाकडे आलं. दुसऱ्या पायाजवळ नेली. पुन्हा लाल टोकच. पुस्तक उघडलं. घोड्याच्या नालासारखं चुंबक, एका पायाला उत्तर, दुसऱ्याला दक्षिण. लाल टोक एका पायाकडे आलं तर दुसऱ्यापासून पळायला हवं. माझे दोन्ही पाय सारखे झालेत. एका पायातून निघालेला जोर दुसऱ्या पायातून परत फिरायला हवा, तर दुसराही तिकडूनच ढकलतोय. दोन भांडखोर जावा एकाच दारात.

म्हणजे एका कॉइलमधून वीज उलटी फिरायला हवी. कॉइल काढायची गरज नाही, नुसती टोकं बदलली की झालं. डोक्याला डोकं. दोन्ही शेपट्या बाहेर, पेटीला.

पण मी विचारलं होतं की! समोर बसून, दोन डोकी हातात धरून विचारलं होतं, आणि हे म्हणाले होते—

टोकं सोडली. खरवडली. डोक्याला डोकं पिळलं, कथलाचा डाग दिला, पट्टी लावली. बटण दाबलं.

वीतभर खाली ठेवलेला खिळा उडून वर गेला. मग दुसरा. मग बरणीतले सगळे. लोखंडी पट्टी दोन्ही पायांवर अशी बसली की दोन्ही हातांनी ओढली तरी हलेना, मी पाय लावून ओढली. ढेपवाल्यांची दीड वीत मोजून बोल्ट ठेवला, तोही गेला. बटण बंद केलं, सगळं खळ्ळकन खाली.

हे दारात होते. मी विचारलं, "डोक्याला डोकं?"

"नाही!" म्हणाले आणि हसले. आजारानंतर पहिल्यांदा. अर्धा चेहरा हसला.

ह्यांचीही आतली गुंडाळी बरोबर होती, जोड उलटी होती. बाईंनी हेच तर सांगितलं होतं, मीच गोल गोल म्हणून हसण्यावारी नेलं. अहो देवा. मी भाऊजींना ह्यांना काय विचारायला लावलं? आणि ते रडले होते.

"कारखाना बंद करायचा?"

"हो!" डाव्या हातानं दार गच्च धरलं.

मी लगेच भाऊजींना फोन लावला. मशीनवाल्याला येऊ नका म्हणून सांगा. "अहो वहिनी, दादा स्वतः हो म्हणाला!" म्हटलं, भाऊजी, तो 'नाही' होता. "म्हणजे?" मग म्हणाले, "मग रडत का होता?" आणि मग त्यांनाच कळलं.

दुपारी अर्धा तास चुंबक चालू ठेवलं, तर जळका वास आला. पहिली कॉइल चटका बसेल इतकी तापलेली. मीटरवर तिचा आकडा आणखी उतरलेला. सैल वेढे घासले असणार, लाख उडाली असणार, वीज आत कुठेतरी आडव्या उड्या मारतेय. लोकरीसारखी गुंडाळलेली, तीच.

बुधवार, १९

सकाळपासून नवी कॉइल गुंडाळतेय. ही तार ताणूनच गुंडाळायची असते. आईनं लोकरीचं सांगितलं होतं, तारेचं तिला विचारलंच नव्हतं. कागद प्रत्येक थराला. वेढ्याला लागून वेढा.

दुपारी हात मोकळा करायला म्हणून बसले आणि ही वही पहिल्या पानापासून काढली. लाल पेन्सिल घेऊन ह्यांचं प्रत्येक उत्तर खोडून दुरुस्त केलं. मी कारखान्यात हात घातलेला चालेल ना? 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं. पहिल्याच दिवशी हो म्हणाले होते! राग आहे का? हो खोडलं, नाही. आमच्याकडे याल? नाही, नाही. पानापानावर माझं माणूस परत येत होतं.

आणि मग नऊ तारखेचं पान आलं. बरी झालीय का? हो.

पेन्सिल तिथेच राहिली. ते पान मी जपून ठेवणार होते. दहा दिवस त्या एका 'हो'वर मी जगले. आणि तो माणूस बिचारा अंगठ्यानं सैल थर दाबून दाबून सांगत होता की अगं ही बिघडलीय, जळेल, काढ. खोडायचं जिवावर आलं. कॉइल जळली तरी खोडायचं जिवावर आलं, इतकी मी वेडी. शेवटी खोडलं. सारखा नियम सगळ्यांना.

गुरुवार, २०

रात्रभर बल्बच्या पेटीत ठेवलेली कॉइल सकाळी काढली. वार्निश खणखणीत वाळलेलं. मीटरवर दोन्ही कॉइलींचा आकडा जवळजवळ सारखा. बसवली, डोक्याला डोकं, शेपट्या बाहेर. दोन तास चालवलं. कोमट, बस. ढेपवाले दुपारी टेम्पो घेऊन आले, खिशातून एक वाकडी तार काढली आणि दीड वीत खाली धरली. तार हातातून सुटून वर गेली. ह्यांच्या खुर्चीजवळ जाऊन नमस्कार केला. मग म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या लाइनचंही जुनं झालंय. महिन्याभरात द्याल का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. "द्यायचं?"

"नाही," म्हणाले.

ढेपवाल्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "देऊ, देऊ. ह्यांनी आत्ताच कबूल केलं." ढेपवाले आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघत गेले. बाहेर जाऊन ड्रायव्हरला काय सांगितलं असेल कोण जाणे.

पण त्याआधीचं लिहायचं राहिलं. सकाळी, कॉइल चुंबकात बसवायच्या आधी, मी ती ह्यांच्या मांडीवर ठेवली होती. डावा अंगठा कडेनं फिरला. प्रत्येक थर दाबून बघितला. नखानं टिचकी मारून कान जवळ नेला. मला वाटत होतं, विचारूच नये. पहिल्या कॉइलच्या वेळी विचारून झालंय एकदा. पण जीभ गप्प बसते का?

"बरी झालीय का?"

किती वेळ माझ्याकडे बघत होते. मग कॉइल खाली न ठेवता, तशीच पोटाशी धरून, हळू म्हणाले, "नाही."

आणि मला कळलं नसेल असं वाटून पुन्हा, "नाही. नाही."

मी स्टुलावर बसून पदर तोंडाला लावून रडले. एकतीस वर्षांत असं 'नाही' मला कोणी म्हटलं नव्हतं. मग नाक पुसून विचारलं, "चहा ठेवू?"

"नाही," म्हणाले. दोन कप ठेवला.